प्रस्थान ठेवलेली बाई

नेपल्स, रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, मिलान, जिनोआ, नीस, मार्सेलिस, बार्सिलोना. ही गावं मला अजूनही क्रमानं पाठ आहेत आणि यांतलं एकही मी पाहिलेलं नाही. पाहायची इच्छाही उरलेली नाही. बार्सिलोनाचं नाव रेडिओवर आलं तरी मी कान पिळून तो बंद करते, इतका माझा त्या गावावर राग आहे. बिचाऱ्या गावानं माझं काही वाकडं केलेलं नाही, पण राग कुणावर तरी काढावाच लागतो.

एकोणीसशे छप्पन साल होतं. माझं माहेर अमरावतीचं, सासर अकोल्याचं. मी अकोल्यालाच मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. नवऱ्याला कापडाच्या गिरणीनं यंत्रांचं काम शिकायला मिलानजवळ वर्षभरासाठी पाठवलं होतं. घरी मी, सासूबाई आणि आमची चार वर्षांची मुलगी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. हिवाळ्यात नवऱ्याला तीन आठवडे सुट्टी मिळणार होती. "तू ये, दोघं मिळून फिरू," असं पत्र आलं, आणि माझ्या वडिलांनी वरूडच्या संत्र्यांचे पैसे बोटीच्या तिकिटासाठी मला देऊन टाकले. मुलीला आत्याबाईंजवळ ठेवून जायचं ठरलं. लोकांनी नावं ठेवली. ठेवोत बापडे, म्हटलं.

आखणी सगळी मीच केली. नवऱ्यानं तिकडच्या रेल्वेचं जाडजूड टाइमटेबल पाठवलं होतं. त्याची भाषा येत नव्हती, पण गाड्यांचे आकडे कुणालाही कळतात आणि नकाशा तर माझ्या रोजच्या हातातला. फ्लोरेन्सहून व्हेनिसला जाताना बोलोन्याला गाडी बदलायची. अमुक गाडी रविवारी नसते. नीसपर्यंत रेल्वे, तिथून वरच्या डोंगरातल्या गावाला बस. स्पेनच्या सरहद्दीवर रूळच वेगळे, तेव्हा उतरून दुसऱ्या गाडीत बसायचं, आपण मूर्तिजापूरला यवतमाळच्या छोट्या गाडीत बसतो तसं. तिकडे नुकताच तिसरा वर्ग बंद झाल्याचं मी आत्याबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मंग गरीब मानूस कायनं जाते वं?" याचं उत्तर टाइमटेबलात नव्हतं.

नवऱ्याचं म्हणणं, इटली पुरे झाली. मी पत्रांतून भांडले. इतक्या लांब यायचं आणि बार्सिलोना सोडायचं? व्हेनिसला एकच दिवस? प्रत्येक पत्रात मी एकेक मुक्काम वाढवत गेले आणि शेवटी ते थकून हो म्हणाले.

आई कुठे जाते आहे हे मुलीला कळावं म्हणून ओसरीच्या सारवलेल्या जमिनीवर मी गेरूनं सारा मार्ग काढला. अकोला, मुंबई, मग समुद्र आणि त्यात मासे, मग एकेका मुक्कामाचा गोल, आणि तसंच समुद्रानं परत. रोज सकाळी चिंचोका एक घर पुढे सरकवायचा. तो परत अकोल्याला आला की माय आली. थोड्याच दिवसांत तिला सगळं पाठ झालं, गाडी कुठे बदलायची तेसुद्धा. माझ्या मॅट्रिकच्या पोरींना इतकं येत नव्हतं. मला तिचा भारी अभिमान वाटला.

निघायचा दिवस नेमका दिवाळीच्या अमावास्येवर आला. बोट काही पंचांग पाहून सुटत नाही. आत्याबाईंनी तोड काढली, प्रस्थान ठेवायचं. म्हणजे आधीच्या एखाद्या चांगल्या मुहूर्तावर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि निघणाऱ्याचं एक वस्त्र फडक्यात बांधून दुसऱ्याच्या घरी ठेवायचं. त्या घटकेला प्रवास सुरू झाला असं धरतात, मग माणूस कोणत्याही दिवशी निघो. पुष्कळांच्या घरी एवढ्यावर भागतं. आत्याबाईंच्या माहेरची रीत कडक होती. ज्याचं प्रस्थान ठेवलं त्यानंही घरी परतायचं नाही, प्रस्थानापाशीच राहायचं.

"पोट्टीसाठी बी बरं हाये," त्या म्हणाल्या. "ठेसनावर रडारड नोको. इथूनच दिवसाउजेडी निरोप घे तिचा."

आमच्या पश्चिमेला फुलं विकणाऱ्या एक काकू एकट्या राहत. गाठोडं त्यांच्याकडे गेलं. मी मुलीसमोर टांग्यात बसले. टांगा गल्लीच्या टोकाला वळला आणि मागच्या वाटेनं काकूंच्या परसात येऊन थांबला. मुलगी रडली नव्हती. तिनं हात हलवला होता आणि लगेच चिंचोका सरकवायला ओसरीवर पळाली होती.

पुढचे दिवस मी काकूंच्या आतल्या खोलीत काढले. दिवाळीच्या हारांसाठी ती खोली झेंडूनं भरलेली होती आणि त्या ढिगाशेजारी अंथरूण टाकून झोपायला मला बरं वाटत नव्हतं. खिडकीतून आमचं परस दिसायचं. मी नसताना घर कसं चालतं ते मी पाहत होते. अगदी छान चालत होतं. मुलगी पोटभर जेवत होती, हसत होती. आत्याबाईंनी माझी दोरीवरची साडी काढली, घडी घातली आणि पेटीत टाकली. जिवंतपणी हे कुणी पाहू नये. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली.

मग सुएझवर लढाई पेटली. कालवा बंद झाला, बोट रद्द झाल्याची तार मुंबईहून आली. मी तार हातात घेऊन तशीच घराकडे निघाले.

"बाई, प्रस्थान वापस नेत नसतेत," काकू म्हणाल्या.

"गाठोडं राहू द्या तुमच्याकडे," मी म्हटलं. "मी माणूस आहे."

मुलगी ओसरीवर बसली होती. मी हाक मारली. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं, आणि आत तोंड करून विचारलं, "आजी, हे कोन आली?"

आत्याबाई हसत बाहेर आल्या. "काऊन वं, मायले नाई वळखत?"

"माही माय जहाजात हाये," ती म्हणाली. आवाजात लटकेपणा नव्हता, रुसवाही नव्हता. आत्याबाईंचं हसू तिथेच थांबलं. मी आधी थट्टा केली, मग रागावले, मग तिचे दंड धरून ओरडले, "मीच तुझी माय आहे!" तशी ती घाबरून किंचाळली, अनोळखी बाईनं धरल्यावर लेकरं किंचाळतात तशी. मी हात सोडले.

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या परीनं तोडगा काढला आणि मला मावशी म्हणू लागली. मला सख्खी बहीण नाही. दिवाळीला मी तिला तेल लावून न्हाऊ घातलं, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, तुहे हात मायवानीच हायेत." फराळाचे अनारसे तिनं डब्यात वेगळे काढून ठेवले. मी एक उचलला तर माझ्या हातातून काढून घेतला. "थे मायसाठी हायेत. तू चकली खाय." मी न्हाणीत जाऊन रडले.

एक दिवस डोकं फिरलं आणि मी सगळी ओसरी नव्यानं सारवून टाकली. नेपल्स नाही, रोम नाही, काही नाही. सकाळी ती उठली, कोऱ्या जमिनीकडे पाहिलं आणि चिंचोका नेमका जिथे ठेवायचा तिथे ठेवला. मी काढलेली अंतरं मला माहीत होती. बोटभरसुद्धा चूक नव्हती.

मग ती बातम्या सांगू लागली. "आज मायनं काई खाल्लं नाई." मी रागानं सकाळपासून उपाशी होते. "मायच्या पायाले लागलं." त्याच पहाटे, सगळी झोपलेली असताना, परसातल्या दगडावर माझी करंगळी ठेचली होती आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. चिंचोका रोमला असताना ती जेवता जेवता थांबली आणि म्हणाली, "माय रडून राह्यली." पलीकडे चुलीपाशी मी तोंडात पदर कोंबून बसले होते. तिनं पाहिलं असेल, लेकरांचं सगळीकडे लक्ष असतं, असं मी मनाला समजावलं. पण मला तिच्यासमोर बसायचं भय वाटू लागलं.

आत्याबाईही बदलल्या. एका संध्याकाळी त्या मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन आल्या. मला वाटलं, नातीची दृष्ट काढायला. त्यांनी त्या माझ्यावरून उतरवल्या. जेवायला मला वेगळा पाट मांडू लागल्या, पाहुणीला मांडतात तसा. मी चिडले तर हळूच म्हणाल्या, "तू तं अजून प्रस्थानातच हायेस, बाई." शाळेत जावं तर तिथे माझी रजा मंजूर झालेली, माझ्या वर्गावर दुसरी बाई उभी. आरशात पाहण्याआधी, खरी माय तर आली नाही ना, म्हणून मला दाराकडे पाहायची सवय लागली.

मला एकच गोष्ट हवी होती, माझी मुलगी. आणि तिच्या-माझ्या मधे मीच आखलेला रस्ता होता. भांडून मिळवलेला एकेक मुक्काम आता मला एकेक दिवस परकी ठेवत होता. व्हेनिसचे जास्तीचे दिवस मी मोजून भोगले. शेवटी मी तिच्याशेजारी बसले आणि मावशी होऊनच बोलले. "बार्सिलोना गाळू या का गं? जिनोआहूनच बोटीत बसवू मायला. लवकर येईल."

तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मायले पायचं हाये ना थे. पाहू दे ना तिले."

नवऱ्याचं पत्र आलं होतं, की एकटाच रोमपर्यंत जाऊन आलो, करमलं नाही. मी त्यांना घरचं काही कळवलं नाही. काय कळवणार होते? तुळशीचं लग्न झालं, तुरीला शेंगा धरल्या, आणि चिंचोका कोऱ्या जमिनीवरून मार्सेलिस, बार्सिलोना करत समुद्राला लागला.

तो मुंबईच्या जवळ आला तेव्हा आत्याबाईंनी मला परसात बोलावलं. "उद्या काकूकडून गाठोडं घे अन् शेगावले जाय. तिथून मुंबईहून येनाऱ्या गाडीत बस. अमरावतीकडून येशील तं पोट्टी मानायची नाई." मी वाद घातला नाही. भूगोलाची मास्तरीण मी, पण गाडी कोणत्या दिशेनं आली पाहिजे हे मला त्या म्हातारीनं सांगितलं.

मी गाठोडं आणि ट्रंक घेऊन शेगावला गेले आणि मुंबईहून येणाऱ्या गाडीत चढले. तासभराचा तो प्रवास. तिनं पुन्हा 'कोन आली' विचारलं तर मी काय करणार होते, हे मला ठाऊक नव्हतं. अकोल्याच्या फलाटावर ती आजीचं बोट धरून उभी होती. मी पायरीवरून उतरले. तिनं पाहिलं, बोट सोडलं आणि "माय!" करत गर्दीतून पळत येऊन माझ्या पोटाला घट्ट मिठी मारली. मी तिथेच ट्रंकेवर बसले आणि लोक बघत असताना मोठ्यानं रडले. आत्याबाईही डोळे पुसत होत्या.

टांग्यात तिची टकळी थांबेना. घरी आल्यावर तिनं अनारशांचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. कडक झाले होते, मी सगळे खाल्ले. मग ती चुलीपाशी गेली, परसात गेली, न्हाणीत डोकावली आणि परत आली.

"मावशी कुठी हाये?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला सुचेल ते मी बोलले. "गेली, बाळ. तिच्या घरी गेली."

"मले न सांगता?"

माझ्या प्रस्थानाच्या दिवशी ती रडली नव्हती, माझ्यासाठी ती एकदाही रडली नव्हती. आता ती जमिनीवर पडून रडू लागली. मावशीनं न्हाऊ घातलं होतं, मावशी चांगली होती, मावशी कवा येईल, असं हुंदक्याहुंदक्यातून विचारत राहिली. मी तिला उचलून मांडीवर घेतलं. 'मीच ती' हे शब्द ओठापर्यंत आले, आणि तिचं किंचाळणं आठवून मी ते गिळले. दिवेलागणीपर्यंत ती माझ्या कुशीत तोंड खुपसून मावशीसाठी रडली, आणि मी तिला थोपटत म्हणत राहिले, की नाही गं, ती आता यायची नाही.