पुढच्या फळीवरची जागा

माझ्या बायकोच्या मामांइतका वजनाचा द्वेष करणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात झाला नसेल. स्वतः मामा अगदी काटकुळे. सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात जन्म गेला, निवृत्त झाल्यावर गिरगावची खोली सोडून शांती नगरात आले आणि आलेल्या पैशांतून त्यांनी एक लहानशी होडी आणि तिच्या मागे लावायचं तीन घोड्यांचं जुनं इंजिन घेतलं. होडी जवळच्याच राई गावच्या बंदरावर बांधलेली असे. तिथून खाडीतल्या काळ्या खांबापर्यंत जायला तिला बरोबर साडेअकरा मिनिटं लागत. ती दहा मिनिटांच्या आत न्यायची, एवढंच मामांचं आयुष्यातलं उरलेलं काम होतं, आणि ते त्यांनी नोकरीपेक्षा कितीतरी मन लावून केलं.

त्यांची खात्री होती की होडीत जे जे आहे ते सगळं जास्तच आहे. बसायच्या फळ्यांना त्यांनी भोकं पाडली. लोखंडी नांगर काढून त्याच्या निम्म्या वजनाचा आणला. पावसाळ्यात होडी टेम्पोतून बिल्डिंगच्या आवारात आणून उलटी टाकत आणि तळ पॉलिश पेपरने घासत बसत. "मामाजी, इतना घिसोगे तो पानी अंदर आ जाएगा," असं तळमजल्यावरचे शहाकाका रोज सांगत आणि मामा रोज नवा पेपर मागवत. इंजिनाचा पंखा दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, मुलीच्या वक्तृत्वाच्या ढालीशेजारी ठेवलेला असे. मला रविवारी बरोबर नेत, पण आधी चपला, घड्याळ आणि किल्ल्यांचा जुडगा बंदरावर काढून ठेवावा लागे. एकदा त्यांनी पाण्याची बाटलीही ठेवायला लावली. "आत्ताच पिऊन घ्या जावईबापू, मग न्यायला नको." मी म्हटलं, मामा, पोटातलं पाणी काय फुकट येतं का? दोन दिवसांनी ऑफिसात त्यांचा फोन आला. "तुमचं बरोबर आहे," एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला.

इतकं करून होडी पंधरा-वीस सेकंदांपलीकडे काही दाद देईना. मागे इंजिन, मागेच पेट्रोलची टाकी, मागेच मामा आणि त्यांच्या हाताशी मी. त्यामुळे होडीचं तोंड आभाळाकडे आणि बूड पाण्यात. बंदरावर जाळी विणत बसणारे एक म्हातारे नाखवा हे सगळं वर्षभर पाहत होते. "सायेब, तुमची होरी मागं बसलीय," ते म्हणायचे. "पुढं कायतरी वजन टाका. बिगर वजनाची ती पलनार न्हाय." वजन टाकून वेग वाढतो, हे नकाशे काढणाऱ्या माणसाला पटणं शक्यच नव्हतं. "अनुभवी माणूस आहे," मामा मला हळूच म्हणाले, "पण शिक्षण कमी पडलं."

या सगळ्यात खरी पंचाईत मामींची होती. त्यांचं माहेर रत्नागिरीकडे, खाडीकाठचं. लहानपणी त्या शाळेलासुद्धा होडीतून जात. होडी घरात आली तेव्हा सर्वांत जास्त आनंद त्यांना झाला होता. पण मामी अंगाने भरभक्कम, आणि मामांचं उत्तर ठरलेलं, "अगं, अजून होडी तयार नाही. जरा वेग येऊ दे." असा वेग यायची वाट पाहत मामींनी तीन वर्षं काढली. दर रविवारी आम्हाला डबा करून द्यायच्या आणि गॅलरीतून हात करायच्या. मला फार वाईट वाटायचं, पण आपली बायको जड आहे हे मामांना तोंडाने म्हणवत नव्हतं आणि होडीत घेववतही नव्हतं.

एका रविवारी डबा घेऊन मामी स्वतःच राईला आल्या. साडी खोचली, पायऱ्या उतरल्या आणि भोकं पाडलेल्या पुढच्या फळीवर जाऊन बसल्या.

"अगं, उतर. आज वेळ मोजायचीय."

"मोजा की. मी जड आहे हे माहीत आहे मला. पण मी आता उतरत नाही."

मामांनी लगेच मला उतरवलं. नाखवांशेजारी उभा राहून मी बघत राहिलो. इंजिन सुरू झालं, होडीचं तोंड वर उठलं, थोडं थबकलं आणि मामींच्या वजनाने अलगद खाली आलं. मग होडी अशी सुटली की मामींचा पदर मागे मामांच्या तोंडावर फडफडायला लागला. नाखवांनी जाळ्यातून मानसुद्धा वर केली नाही.

परत आले तेव्हा मामी चिंब भिजून हसत होत्या आणि मामा स्टॉपवॉचकडे बघत होते. नऊ मिनिटं पन्नास सेकंद! मामांनी आधी ते श्रेय ओहोटीला दिलं. मग भरतीला नेऊन पाहिलं, वाऱ्याविरुद्ध नेऊन पाहिलं, प्रत्येक वेळी मामींना बसवून. शेवटी वहीत लिहिलं, 'पुढे सौ. असणे आवश्यक.' त्यानंतर मामींनी संकष्टीचा उपास धरला की मामा अस्वस्थ व्हायचे. "मोदक घे अजून एक," म्हणायचे, "रविवार आलाय." सात-आठ वर्षं त्यांचा एकही रविवार चुकला नाही.

मग एका थंडीत मामी गेल्या. होडी बरेच महिने बांधूनच होती. एका रविवारी मामांचा फोन आला आणि मी गेलो. नाखवांनी पुढे ठेवायला रेतीची गोणी भरून ठेवली होती. मामांनी त्यांना हात जोडले, पण गोणी घेतली नाही. मला चपला काढायलाही सांगितलं नाही. "बसा तिथे," म्हणाले, "जरासे डावीकडे. ती तिथे बसायची."

आम्ही खांबापर्यंत गेलो आणि परत आलो. बंदराला लागल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "किती वेळ लागला, मामा?"

स्टॉपवॉच त्यांच्या गळ्यातच होतं. त्यांनी ते हातात घेतलं, शर्टाला पुसलं आणि परत सोडून दिलं.

"बटण दाबलंच नाही हो," म्हणाले. "आज मुद्दाम सावकाश आणली."