तेराशे फरश्या आणि पारूआत्या

"पाठीमागं कुणीतरी खडूनं लय आकडे घातले व्हते भाऊ. ते बी घासून काढले," सुमनवहिनी म्हणाल्या आणि हातातला काथ्या त्यांनी मला दाखवला.

समोर आंब्यापलीकडे तेराशेच्या आसपास फरश्या उन्हात वाळत होत्या. स्वच्छ, चकचकीत, दहा-दहाच्या सरळ थप्प्या लावलेल्या. ते आकडे मीच घातले होते. त्यासाठी दहा दिवस गुडघ्यांवर बसलो होतो. वहिनी कौतुकाची वाट बघत होत्या, म्हणून मी "छान झालं" म्हणालो आणि आंब्याला टेकून खाली बसलो.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. मी डिप्लोमा करून नाशिकच्या एका आर्किटेक्टकडे सुपरवायझर होतो. आम्ही त्यांना सर म्हणायचो. निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार भाऊसाहेब, म्हणजे वहिनींचे यजमान, यांनी देवळालीच्या रस्त्यावरचा एक साहेबी बंगला विकत घेतला होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. उतरतं कौलारू छप्पर, त्याच्या कडेला लाकडी झालर, रंगीत काचा आणि हॉलमध्ये फायरप्लेस. आधीच्या मालकाने त्यात काही वर्षं कांदा आणि खताच्या गोण्या भरल्या होत्या. खताने हॉलची फरशी खाऊन टाकली होती.

भाऊसाहेबांची अट एकच. साहेब होता तेव्हा बंगला जसा होता, तसाच पाहिजे. नवीन काही चालणार नाही. त्यासाठी जुने दरवाजे, जुन्या पितळी मुठी, जुन्या काचा शोधत ते स्वतः भंगारवाल्यांकडे फिरायचे आणि घरी आल्यावर मुठीला मूठ लावून बघायचे. फायरप्लेससुद्धा चालू करून हवी होती. नाशिकात ती कोण पेटवणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, "साहेब पेटवायचा ना?" वहिनी तिला साहेबाची चूल म्हणायच्या. त्यांनी तिच्यात लोणच्याच्या बरण्या ठेवून पाहिल्या होत्या, आणि जागा अगदी मापाची निघाली होती.

हॉलच्या फरशीचं मात्र अडलं होतं. तशी विलायती नक्षीची फरशी नवीन मिळत नव्हती. चार फरश्या जुळल्या की एक फूल, आणि भिंतीलगत सगळीकडे वेलीची किनार. मग माझ्या इगतपुरीच्या पारूआत्याने निरोप पाठवला, की ती ज्या बंगल्यात कामाला होती तो पाडतायत, फरशी हीच आहे, येऊन बघ. मी गेलो. हुबेहूब तीच. हॉल आमच्यापेक्षा दोन ओळींनी मोठा, म्हणजे मोडतोडीलाही शिल्लक राहील.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सिमेंटात बसवलेली फरशी काढायला गेलं की तिचे तुकडे होतात. ही चुन्यात बसवलेली होती. चुना दयाळू असतो. छिन्नी हलकेच घातली की सोडून देतो. आम्ही एकेक फरशी काढली, वहीत हॉलचा नकाशा केला आणि प्रत्येक फरशीच्या पाठीवर नंबर घातला. सरांनी ऑइल पेंटने घाल म्हणून सांगितलं होतं. मी खडूने घातले.

या कामावर माझी पत पणाला लागली होती. आधीची तीन वर्षं मी ऑफिसात ट्रेसिंग करत होतो, म्हणजे दुसऱ्याचं ड्रॉइंग पारदर्शक कागदावर गिरवायचं. हा बंगला माझं पहिलं स्वतंत्र काम.

फरश्या आल्या त्या रात्री वहिनींना म्हणे झोप लागली नाही. परक्याच्या घरातली वस्तू, तीही पाडलेल्या घरातली, तीही साहेबाच्या. काय काय खाऊन त्या फरशीवरून लोक चालले असतील. आमच्याकडे दुसऱ्याकडून आलेली जुनी वस्तू धुतल्याशिवाय कोणी घरात घेत नाही. पातेलं असो की पाळणा. त्यांनी मळ्यातल्या सहा बायका बोलावल्या, पाण्यात गोमूत्र घातलं, आणि मी दोन दिवस तालुक्याला चुना बघायला गेलो होतो तेवढ्यात शुद्धीकरण उरकलं. त्यांना बोलायची सोय नव्हती. त्यांनी घरच्यासारखं केलं होतं.

मी तोंड पाडून ऑफिसात गेलो. सरांनी चष्मा वर केला.

"मी तुला ऑइल पेंट सांगितला होता."

"हो सर."

"मग खडू का?"

"खिशात होता सर."

सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, वास्तुशांत पंधरवड्यावर आली आहे, पत्रिका वाटून झाल्या आहेत. आठ दिवस देतो. जमलं नाही तर शहाबादी टाकू आणि तू परत ट्रेसिंगला बस. शहाबादी म्हणजे साधी करडी फरशी, जी आमच्याकडे ओट्याला, मोरीला आणि बसस्टँडला घालतात. भाऊसाहेबांच्या हॉलमध्ये ती घालणं म्हणजे नवरदेवाला लेंग्यावर बोहल्यावर उभं करणं.

तुम्ही म्हणाल, सगळ्या फरश्या सारख्याच, मग नंबर हवेत कशाला? चार-चार जुळवा आणि बसवा. मीही तेच म्हणालो. आमचे मिस्त्री नाना फक्त हसले. दोन दिवस आम्ही सुकी मांडणी केली, म्हणजे चुना न लावता नुसत्या फरश्या मांडल्या. फुलं जुळली. पण हॉल गोधडीसारखा दिसायला लागला. एक फूल गडद, शेजारचं उडालेलं. भाऊसाहेब बघायला आले, चार पावलं चालले आणि अंगठा धरून उभे राहिले.

"साहेब ठेचाळत चालायचा का हो?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फरशी चालून झिजते. दारातली जास्त, कपाटाखालची अजिबात नाही. शेजारी-शेजारी सारखी झिजते म्हणून आपल्याला कळत नाही. पण दारातली झिजकी आणि कपाटाखालची कोरी एकाशेजारी एक ठेवली, की एक वर, एक खाली. रंगाचंही तेच. वहीत सगळं लिहिलेलं होतं. फक्त फरशीवर काही नव्हतं.

एक कोडंही होतं. किनारीच्या फरश्यांत निम्म्या कोऱ्या होत्या आणि निम्म्यांची तकाकी पार गेलेली होती. भिंतीला चिकटून कोण चालतं? मी कपाटं सरकवल्यामुळे असेल असं ठरवलं आणि सोडून दिलं.

आठातले तीन दिवस गेल्यावर मी इगतपुरी गाठली. तसाच आणखी एखादा बंगला पडतोय का, एवढंच आत्याला विचारायला. तिने सगळं ऐकून घेतलं. गोमूत्राचं ऐकून ती इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला.

"आरं, बावीस वरसं पुसली म्या ती फरशी. रोज दोन टायमाला. तू वहीत कशापायी शोधतो?"

मला खरंच लाज वाटली. त्या बंगल्याची खबर जिने दिली, तिला त्या बंगल्यातलं काही विचारावं हे माझ्या डिप्लोमात बसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन साइटवर आलो. पांढरं लुगडं, काखेत पिशवी. आमचे नाना मिस्त्री आमच्याच वसाहतीतले. आत्याने त्यांना मोठ्याने जयभीम घातला. वहिनी ओसरीवर उभ्या होत्या. त्यांचा चेहरा क्षणभर बदलला, तो मी पाहिला. गोमूत्राने शुद्ध केलेल्या फरशीला आता आमच्या आत्याचाही हात लागणार होता. मला हसू आलं आणि रागही आला. दोन्ही गिळून मी चहा सांगितला.

चहा आला. आम्हा सगळ्यांना स्टीलचे ग्लास आणि आत्याला कपबशी. वेगळी कपबशी म्हणजे मान की अंतर, हे मला कळेना. आमच्यासारख्यांना असल्या गोष्टींचा हिशेब लगेच करायची सवय असते. आत्याने मात्र बशीत ओतून फुर्रकन चहा संपवला आणि ओलं फडकं मागितलं.

तिने फरशी बघितलीच नाही. हातात घेतली, ओलं फडकं फिरवलं आणि बाजूला ठेवली. कोऱ्या फरशीवर फडकं सरकतं, झिजलेल्यावर अडतं. "ही दारातली. ही कपाटाखालची. ही खिडकीची, उन्हानं उडली. ही चुलीपुढची, निखाऱ्यानं डागली." असे तिने ढीग लावायला सुरुवात केली. दुपारपर्यंत सहा ढीग झाले. नंबर जुळवायचेच नव्हते, झीज जुळवायची होती. प्रत्येक फरशी जुन्या जागी गेली नाही तरी चालणार होतं. तिच्यासारख्या फरशीशेजारी गेली म्हणजे झालं. इतकी साधी गोष्ट मला तोवर सुचली नव्हती.

दहा-बारा फरश्या मात्र तिने स्वतःच्या हाताने जागेवर ठेवल्या. एका फरशीवर इस्त्री पडून चीर गेली होती. एकीवर शाईचा डाग होता. त्या डागावरून तिला बोलणी बसली होती, आणि डाग साहेबाच्या पोराने पाडला होता. ती फरशी तिने जरा जोरातच आपटली.

दुसऱ्या दिवशी वहिनी पदर खोचून शेजारी येऊन बसल्या. "म्याच घोळ घातला, म्याच निस्तरते," एवढंच म्हणाल्या. आत्याने त्यांच्या हातात फडकं दिलं आणि कसं फिरवायचं ते दाखवलं. मग दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. गुडघे, सुना, द्राक्षांवरची फवारणी. वहिनींनी सांगितलं की गोमूत्र घातल्यावरही शाईचा डाग गेला नाही. आत्या म्हणाली, "बाई, बावीस वरसं राखेनं नाय गेला, तुमच्या गाईनं कसा जाईल?" नाना मिस्त्रींना चुन्याचं घमेलं खाली ठेवावं लागलं.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी सहज मागे वळून बघितलं. एकच कपबशी होती. कप वहिनींच्या हातात आणि बशी आत्याच्या. माझा हिशेब मी तिथेच सोडून दिला.

आठव्या दिवशी सर आले. त्यांनी चप्पल काढली, अनवाणी हॉलभर फिरले, वाकून एका ठिकाणी तळहात फिरवला. कुठेही उंचवटा नव्हता. मी फरशीचं नवीन ड्रॉइंग पुढे केलं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात दोन चौकटी असतात, कोणी काढलं आणि कोणी तपासलं. तपासणाऱ्याच्या चौकटीत नेहमी सर सही करतात. मी तिथे पारूबाई असं लिहून ठेवलं होतं. थोडी थट्टा, थोडं खरं. सरांनी चष्मा वर करून वाचलं. मला वाटलं, आता ट्रेसिंग.

"पूर्ण नाव लिही," सर म्हणाले. "ड्रॉइंगवर आडनाव लागतं."

वास्तुशांतीला निफाडचं निम्मं गाव लोटलं. भाऊसाहेब सगळ्यांना फायरप्लेस दाखवत होते. कोणीतरी तीत आंब्याचे डहाळे खोचून ठेवले होते. हॉलच्या दाराशी मात्र गर्दी थबकली. इतकी देखणी फरशी बघून पाय टाकायला कोणी धजेना. वहिनी गर्दीतून मागे आल्या आणि आत्याला म्हणाल्या, "आत्याबाई, तुमी चला पुढं."

आत्या हॉलमध्ये शिरली. डावीकडे वळली आणि भिंतीच्या कडेकडेने, किनारीवरून चालत समोरच्या दारापर्यंत गेली. हात अंगाशी धरलेले, जणू हातात ट्रे आहे. तिच्या पायाखाली त्याच फरश्या होत्या, तकाकी गेलेल्या. तिनेच त्या तिथे मांडून घेतल्या होत्या. भिंतीला चिकटून कोण चालतं, याचं उत्तर माझ्यासमोर चालत होतं. चार दिवस ती माझ्याशेजारी बसून होती आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"आत्या, मधून चल ना," मी म्हणालो.

"मधून साहेब लोक चालायचे. आमी कडंनं. सवय हाय, दुसरं काय नाय."

वहिनींनी तिचा हात धरला आणि तिला मधोमध आणलं. दाराकडून फायरप्लेसपर्यंतची वाट, सगळ्यात झिजलेली. आत्याने थांबून पायाकडे पाहिलं. एक पाऊल दाबून बघितलं, मग दुसरं.

"हितली फरशी जास्त गार हाय," ती म्हणाली. "बावीस वरसांत कळलं नव्हतं."

मग सगळेच आत आले.

त्यानंतर मी बरीच जुनी घरं उभी केली. वस्तूंवर नंबर ऑइल पेंटनेच घालतो, आणि तो पेंट वाळल्याशिवाय साइट सोडत नाही. आणि घराच्या मालकाला भेटण्याआधी ते घर कोण पुसायचं ते विचारून घेतो. मालकाला घराची किंमत माहीत असते. बाकीचं पुसणाऱ्या बाईलाच विचारावं लागतं.