उभं राहून मागितलेलं पुडिंग

जपानमधल्या कावासाकी स्टेशनजवळच्या मेक्सिकन हॉटेलात एक वयस्कर मेक्सिकन बाई वाढायला आहेत. आम्ही सगळी गिऱ्हाइकं मेनूतल्या चित्रावर बोट ठेवतो; त्या मान हलवून लिहून घेतात. महिनाभर ट्रेनमध्ये घोकून परवा मी त्यांच्याकडे स्पॅनिशमध्ये पुडिंग मागायचं ठरवलं, आणि गावच्या शाळेतल्या सवयीने उभाच राहिलो.

"अरे, बस ना, लोक बघतायत," बायको कुजबुजली.

पण शाळेत उत्तर बरोबर आल्याशिवाय बसायला मिळत नसे.

"किएरो उन फ्लान, पोर फावोर."

बाईंनी वही खाली ठेवली, एप्रन नीट केला.

"माझ्या भाषेसाठी इथे आजवर कुणी उभं राहिलं नव्हतं," त्या जपानीत म्हणाल्या. मग हाताने खुर्ची दाखवत स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, "बसा."

मी, आमच्या घरातला पहिला पदवीधर, ऐटीत खाली बसलो.