नाक्याची चिणलेली कमान

आमच्या पेठेचे फोटो काढायला हल्ली शहरातून मंडळी येतात. वरच्या सज्ज्यांचं लाकडी नक्षीकाम टिपतात, चहा पितात आणि जातात. मला हसू येतं. ही पेठ बघायची तर कमरेखाली बघावी. कोपऱ्यावरच्या घरांचे दगड कमरेइतक्या उंचीपर्यंत तासून गोल केलेत, वळताना गाडीचा कणा अडू नये म्हणून. प्रत्येक भिंतीत दावं बांधायला लोखंडी कडी आहे. ओटे बैलगाडीच्या फळीच्या उंचीचे, म्हणजे पोतं उचलायला नको, सरकवलं की झालं. ज्यानं कुणी ही पेठ बांधली त्यानं आधी बैलांचा विचार केला, मग पुरुषांचा. बायकांचा केलाच नाही, म्हणून जिने इतके खडे आहेत.

गाव घाटाच्या तोंडाशी. घाटाखाली खानदेश, म्हणजे इंग्रजांचा मुलूख, आणि घाटावर निजामाचा. हद्दीवर करोडगिरीचा नाका होता, येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घेणारा. खालून विकायला आणलेली जनावरं इथं अडायची आणि शिक्का मिळेपर्यंत दिवस मोडायचा. अडलेल्या बैलांभोवती बाजार भरू लागला आणि बाजाराभोवती पेठ उभी राहिली. आमचं दुकान त्यातलंच एक: कासरे, झुली, घुंगरमाळा.

मी औरंगाबादची, गुलमंडीजवळ वाढलेली. पोलीस ॲक्शननंतर लग्न होऊन इथं आले. भाऊ निघताना म्हणाला होता, “शेणाचा कंटाळा आला की निरोप धाड, न्यायला येतो.” तो हसत म्हणाला, पण मला ते झोंबलं. मनाशी ठरवलं की मरेन, पण असा निरोप धाडणार नाही.

मग नाका उठला. गावानं साखर वाटली. नाक्यावरच्या शिपायांची अरेरावी सोसून सगळे विटले होते. आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, तर कहरच केला. नाक्याच्या आवाराला एक दगडी कमान होती, एकमेव दार. पुन्हा कुणी तिथं येऊन बसू नये म्हणून त्यांनी ती चिणून टाकायचं काढलं. पहिला दगड त्यांनी स्वतः बसवला, हळदकुंकू वाहून, नारळ फोडून. ढोल वाजला. आवारात विहीर होती आणि विहिरीशेजारी गुरांचा दगडी हौद. तो आत राहिला हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मीही टाळ्याच वाजवत होते.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बाजाराची रया गेली. घाट चढून आलेले कळप न थांबता पुढे निघून जात. दुकानातल्या घुंगरमाळांवर धूळ बसली. एका संध्याकाळी मामंजी म्हणाले, “आता इथं काय बी राह्यलं नाय. दुकान मोडावं, पोरानं शहरात नोकरी धरावी. तवर तुझ्या भावाकडं राहू.” आमच्या ह्यांनी मान डोलावली. निरोपही परस्पर गेला. एक बाजार सोडून पुढच्या बाजाराच्या दिवशी भाऊ देवगाव रंगारीपर्यंत मोटारीनं आणि तिथून भाड्याची बैलगाडी घेऊन सामान न्यायला येणार होता. मला अन्न गोड लागेना. भावाच्या घरात सासऱ्यांसकट आश्रित म्हणून राहायचं, आणि त्याचं ते हसणं जन्मभर ऐकायचं.

शेजारी नालबंदाचं घर. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत ती माणसं काही महिने नातेवाइकांकडे होती, आणि त्यांच्या घराची किल्ली मामंजींनी जपली होती. नालबंदाच्या बायकोला मी आपा म्हणायची. मधल्या बाजाराला आम्ही दोघी सज्ज्यात उभ्या होतो. घाट चढून कळप आला. चिणलेल्या कमानीसमोर येताच पुढचे बैल थबकले, माना लांब करून दगड हुंगू लागले. हेड्यांनी, म्हणजे गुरांच्या व्यापाऱ्यांनी, चाबूक ओढले तेव्हा कुठे हलले. मागून दुसरा कळप आला, तोही तिथंच थबकला.

“दुल्हन, देखी क्या?” आपा म्हणाली. “नाके के वास्ते नै रुकते थे. पानी याद है उनकू.”

मी तशीच खाली गेले आणि मामंजींना सांगितलं, कमान उघडा. ते भडकले.

“तो दगड म्या सोताच्या हातानं बसवलाय. आता उघडली तर गाव म्हणंल, म्हाताऱ्यानंच नाका परत आणला.”

“गाव म्हणायला गावात कुणी राहिलं तर ना,” मी म्हणाले. सासऱ्यांना असं उलटून बोलायची रीत नव्हती. पण राग नाकापर्यंत आला होता, आणि खरं सांगायचं तर बोलून बरं वाटलं.

बाजाराच्या दिवशी उजाडताच आपा आणि मी पदर खोचून कमानीपाशी गेलो. वरचे दगड सुटे झाले, मधले पहारीनं निघाले. लोक ओट्यांवर उभे राहून बघत होते, हात कुणी लावत नव्हतं. मामंजींचा शब्द कोण मोडणार? सगळ्यांत खालचा, हळदकुंकवाचा दगड मात्र आम्हाला हलेना. आडवा तोच राहिला होता आणि तो ओलांडून जनावर आत येणार नव्हतं. एवढ्यात मामंजी दुकानातून आले. माझ्या हातातली पहार त्यांनी काढून घेतली.

“सरका बाजूला,” ते म्हणाले. “त्यो माझा हाय.”

त्यांनी पहार घातली आणि दगड उलथला. मग सगळी पेठ धावली. रहाट कुरकुरला, घागरी हातोहात फिरल्या, आणि हौद काठोकाठ भरला.

पहिली गाडी आली ती नेमकी माझ्या भावाची. गाडीवान “हो, हो” म्हणत कासरा ओढत होता, पण बैल ऐकतात कुठले! देवगावपासून उन्हातून आलेले ते, गाडीसकट आणि भावासकट कमानीतून आत शिरले आणि हौदात तोंडं घातली.

“सामान कुठंय?” भावानं गाडीतूनच विचारलं.

“आधी बैलांना पाणी पिऊ दे,” मी म्हणाले.

तोवर घाटाकडून धूळ उठली. पहिला कळप कमानीशी आला आणि वळला. दुसरा वळला. हेडी शिव्या देत होते, मग तेही ओंजळीनं पाणी प्यायले आणि सावलीला टेकले. प्यायलेले बैल खाली बसून रवंथ करू लागले. आता त्यांना उठवायची कुणाची टाप नव्हती. दुपारपर्यंत भिंतीतली एक कडी मोकळी उरली नाही. नालबंदाचा हातोडा वाजायला लागला आणि आपा माझ्याकडे बघून नुसती हसत सुटली. मला रडू फुटलं, आनंदानं, भर रस्त्यात.

संध्याकाळी भाऊ निघाला. गाडी रिकामीच. रिकामा फेरा पडला म्हणून गाडीवान कुरकुरत होता, तेव्हा त्याची समजूत काढायला भावानं बैलांसाठी घुंगरमाळांची जोडी घेतली, आमच्याच दुकानातून. मामंजींनी धूळ झटकून ती स्वतः बैलांच्या गळ्यात बांधली. घरचं माणूस म्हणून भाव कमी करा, असं भाऊ म्हणाला. मामंजींनी माझ्याकडे बघितलं.

“दुकान तिचं हाय,” ते म्हणाले. “तिला इचारा.”

मी एक पैसाही सोडला नाही.