गाडीचे खांदे

घण मारणाऱ्याला मिस्त्रीचं तोंड दिसत नाही, हात दिसतो. म्हणून शिवप्पाबद्दल सांगायचं तर हातापासून. जाड, आखूड बोटं. उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. लहान हातोडीनं तो लोखंडावर टिचकी मारी, आणि तिथंच माझा घण पडावा लागे. बोटभर इकडं नाही की तिकडं नाही. तो "साकू" म्हणेपर्यंत थांबायचं नाही. साकू म्हणजे कानडीत पुरे. शिवप्पा उदगीरकडचा लिंगायत, बोलता बोलता कानडी यायचं.

कंधारच्या बसस्टँडामागं त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. मी तिथं घणावर होतो. पुढं फिटर झालो, आता घरी बसून आहे.

हातानंतर त्याचं हसणं. हसू आलं की तो आधी हातातलं हत्यार खाली ठेवायचा आणि मग हसायचा. पोट धरून, डोळे पुसत. "हत्यार हातात धरून हसलं की काम वाकडं होतं," म्हणायचा. त्या गॅरेजात काम वाकडं झालेलं मला आठवत नाही. हसणं रोजचं होतं.

तेव्हा लातूर जिल्हा नवा झाला होता. ऑफिसं भाड्याच्या घरांत, पाट्यांचा रंग ओला. पावसाचा मात्र पत्ता नव्हता. कंधारहून अहमदपूरकडं जाताना डोंगरावर एक वाडी आहे. तिचा बाजार कंधारला, म्हणजे नांदेड जिल्ह्यात. कामकाज मात्र आता लातूरला. वाडीची विहीर आटली. सरकारी टँकर डोंगर चढेना. चढायची ती एकट्या व्यंकटीची पिकअप. लष्कराच्या लिलावातून आलेली, चारी चाकांनी ओढणारी जुनी गाडी. मागं पिंपं ठेवून व्यंकटी पाणी वर न्यायचा.

पोळ्याच्या दिवशी ती गाडी नाल्यात गेली.

वाडीच्या अलीकडं रस्ता एकदम खाली नाल्यात उतरतो आणि पुन्हा चढतो. भरल्या पिंपांनिशी उतारावर व्यंकटीनं ब्रेक दाबला. गाडी उजवीकडं वळली ती वळलीच, आणि काठावरून खाली. व्यंकटीला कपाळावर टेंगूळ आलं, बाकी काही नाही. पिंपं फुटली. त्या सालात त्या नाल्यातून वाहिलेलं पहिलं पाणी ते.

जनावरांच्या छावणीवर एक ट्रॅक्टर होता, त्यानं गाडी ओढून आमच्याकडं आणली. पुढचा अॅक्सल वाकलेला. उजव्या बाजूच्या स्प्रिंगचा मुख्य पाटा मोडलेला. चासीला चीर. इंजिनाखालचं चेंबर दगडानं चेपलेलं. व्यंकटी गाडीमागं मान खाली घालून आला.

"अप्पा, बाजारच्या दिवसापर्यंत हुईल का?"

"का रं, लग्न हाय का तुजं?"

व्यंकटीनं सांगितलं ते असं. लातूरहून पाण्याचे साहेब येत्या बाजारच्या दिवशी येणार होते. गाडी भरल्या पिंपांनी वर चढते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं तर वाडीला रोजचं पाणी मंजूर. नाही चढली तर वाडी उठवून खाली छावणीजवळ न्यायची. आत्ता बाया डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्यावर वाटीवाटीनं घागर भरत होत्या. तो झराही आटत चालला होता.

"आन् लोक म्हणून राहिले की मी पिऊन होतो," व्यंकटी म्हणाला. "पोळ्याला कोण पितं अप्पा? गाडी आपोआप उजवीकडं गेली."

"आपोआप काय बी जात न्हाई," शिवप्पा म्हणाला. "निवृत्ती, चाकं काढ."

मोडलेलं दिसत होतं ते सोडून त्यानं आधी ब्रेक खोलायला लावले. मला तेव्हा ते उलटं वाटलं. मी पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेकचा ड्रम काढला. आतून पिवळं तेल ओघळलं. शिवप्पानं बोट लावलं, नाकाशी नेलं.

"हळद," तो म्हणाला.

त्यानं बोट माझ्या नाकाशी धरलं. हळदच होती. गोड्या तेलात कालवलेली. उजवा ड्रम काढला, तिथंही होती, पण थोडी.

शिवप्पा व्यंकटीकडं वळला. "खरं सांग. ब्रेकाला फोडणी कुणी दिली?"

व्यंकटीनं कान धरला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तेल-हळदीनं मळतात, खांदमळण म्हणतात तिला. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण बैलाला तेव्हाच देतात. वाडीचे बैल सगळे छावणीत. सण सुना जाऊ नये म्हणून बायांनी ठरवलं की औंदा पाणी वाहतंय कोण, तर ही गाडी. हिचेच खांदे मळू. पण गाडीचे खांदे कुठं? बराच वाद झाला. शेवटी पुढची चाकं जिथं जोडलीत ते खांदे, असं ठरलं. चाकांच्या मागं हात घालून बायांनी मनापासून तेल जिरवलं. ड्रमच्या मागच्या ताटलीला एक भोक असतं. त्याचं रबर केव्हाच गळून गेलं होतं. तेल आत गेलं.

"तू काय करून राहिला होतास?"

"म्या उभा होतो. बरं वाटलं, अप्पा. आपल्या गाडीचा एवढा मान कुणी केला न्हवता."

"डाव्या बाजूला कोण होतं?"

"भामाबाई मावशी. उजवीकडं तिची सून."

शिवप्पानं पाना खाली ठेवला. मग हसला. हसत हसत जमिनीवर बसला. "अय्यय्यो! सासूचा हात सढळ, सुनेचा आखडता. डावा ब्रेक घसरला, उजवा धरला. गाडी उजवीकडंच जाणार की!"

दुसऱ्या दिवशी भामाबाई स्वतः आली. डोंगर उतरून, डोक्यावर भाकरीचं फडकं. म्हातारी, पण पाठ ताठ. आल्या आल्या तिनं व्यंकटीला धरलं.

"पोळ्याला जुंपलीस म्हणून पडली! सणाच्या दिशी कुणी बैल जुंपतं का रं?"

"मावशी, तेल ब्रेकात गेलं," शिवप्पा म्हणाला.

"तेलानं कोण पडत न्हाई. आमचे बैल काय पडले व्हय आजवर?"

"बैलाला ब्रेक न्हाई, मावशी."

"मग चांगल्या जनावराला ब्रेक लावलात कशाला?"

शिवप्पानं पुन्हा पाना खाली ठेवला. भामाबाई भाकरी सोडेपर्यंत तो हसत होता. पण जेवताना ती हळूच म्हणाली, "बाबा, वाडी उठली तर म्या खाली यायची न्हाई. चालल ना गाडी?"

"चालल," तो म्हणाला. हसला नाही.

मग काम. ब्रेकचे लायनर तेल प्यालेले. काही मिस्त्री ते जाळावर धरून तेल उडवतात आणि परत बसवतात. शिवप्पानं ते फेकले. नांदेडहून नवे मागवले, एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती. आम्ही ते रिवेट मारून बसवले, खडूनं घासून बघितले, जिथं जास्त टेकत होते तिथं पुन्हा घासले. अॅक्सल साखळीनं कडुलिंबाच्या बुंध्याला बांधून जॅकनं सरळ केला. गरम केला असता तर लवकर झाला असता. गरम लोखंड लवकर ऐकतं आणि लवकर विसरतं, हे शिवप्पाचं मत. चासीची चीर वेल्ड करून वर पट्टी चढवली.

मोडक्या पाट्याच्या जागी ट्रकच्या भंगारातला पाटा घेतला. त्याची कमान बसली होती. कमान थंड लोखंडावरच चढवायची असते. घाव एका जागी दोनदा पडला की पाटा तिथं मोडतो. पाटा सरकत राहतो, घाव पडत राहतो. शिवप्पाची टिचकी, माझा घण. टिचकी, घण. दुपारी खांदे पेटले. साकू काही येईना. मी वर बघितलं तर तो म्हणाला, "माज्याकडं काय बघतो? पाट्याकडं बघ." पाटा अजून सपाटच होता. त्याचं बरोबर होतं.

पाटा बसला तरी त्याचं समाधान होईना. "जशी होती तशी केली तर पुन्हा तिथंच जाईल. वाट तीच हाय." त्यानं दोन्ही बाजूंना एक-एक पाटा जादा घातला, गाडी दोन बोटं उंच झाली. चेंबरखाली जाड पत्रा लावला, दगड त्यालाच लागावा म्हणून. पिंपांना लोखंडी चौकट केली. ड्रमच्या भोकांना जुन्या ट्यूबच्या रबराची बुचं मारली, आणि एवढ्यावर भागणार नाही हे त्याला कळत होतं. बायका पुढच्या साली पुन्हा तेल घालणार. नको म्हटलं तरी घालणार.

त्यानं भामाबाईला निरोप धाडला. छकड्याचं जू घरी असेल तर पाठवा.

जू आलं. बाभळीचं, बैलांच्या मानांनी घासून गुळगुळीत झालेलं. शिवप्पानं पुढच्या बंपराचं वाकलेलं चॅनल काढून टाकलं, नवं लावलं आणि त्यावर ते जू क्लॅम्पांनी आवळलं. मी चारी नट ताणून बघितले. हलत नव्हते.

बाजारच्या दिवशी साहेब आले. तरुण होते, चष्मा धुळीनं भरलेला. त्यांची जीप नाल्याच्या अलीकडंच थांबली. ते व्यंकटीशेजारी बसले. शिवप्पा आणि मी मागं, भरल्या पिंपांना धरून. उतार आला. व्यंकटीनं ब्रेक दाबला. गाडी सरळ उतरली. शिवप्पानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. चढावर मागचं चाक एका दगडावर फिरायला लागलं. साहेब खाली उतरले, स्वतः दगड उचलून चाकामागं लावला, हात झटकत म्हणाले, "आता घ्या." गाडीनं एक हिसका दिला आणि वर गेली.

वाडी सगळी उभी होती. पिंपाच्या नळाखाली पहिली घागर भरली, तेव्हा साहेब म्हणाले, "उद्यापासून रोज. मी लातूरला जाऊन आजच सांगतो." बायांनी असा गलका केला की त्यांचं पुढचं ऐकूच आलं नाही.

भामाबाई वाटी घेऊन आली. तेल आणि हळद. ती गाडीसमोर उभी राहिली, तिनं आपलं जू ओळखलं.

"हे हिचे खांदे," शिवप्पा म्हणाला. "इथं मळा काय मळायचं ते. चाकाकडं जायचं न्हाई."

"आन् पोळ्याला जुंपायची न्हाई."

"न्हाई. आदल्या दिशी दुप्पट पाणी आणील व्यंकटी."

भामाबाईनं जू मळलं, टोकापासून टोकापर्यंत. वाटीत थोडं उरलं. तिनं शिवप्पाला कॉलर खाली ओढायला लावली आणि त्याच्या खांद्यांना हात घातला. "साकू, साकू!" तो ओरडत होता. तिला कानडी येत नव्हतं. ती चोळत राहिली, वाडी हसत राहिली, साहेबसुद्धा.

मी जरा लांब होतो. मी बौद्धवाड्यातला, हे वाडीला ठाऊक होतं. अशा वेळी कुठं उभं राहायचं ते मला लहानपणापासून माहीत.

"घण कुणी मारला?" भामाबाईनं विचारलं.

शिवप्पानं माझ्याकडं बोट केलं.

"मग तिकडं काय उभा राहून राहिलास, लेकरा? ये हिकडं."

मी गेलो. तिचा हात खरखरीत होता आणि जोरकस. दुखतं ते तिला बरोबर सापडत होतं. "आज आवतण घे," ती म्हणाली, "उद्या जेवायला ये." बैलाला म्हणतात तसं. पोळा तर होऊन गेला होता, पण ते कुणी काढलं नाही.

शिवप्पा बाजूला उभा होता, शर्टाची गुंडी लावत, डोळे पुसत. साकू म्हणायला त्याला चांगला वाव होता. त्यानं म्हटलं नाही.