मेव्हण्याचं विमान उडलं का

माझ्या बायकोचा थोरला भाऊ जमिनीवर नाइलाजानं राहायचा. निजामाचं राज्य, नांदेडात कचेरीची नोकरी, अंगात शेरवानी आणि डोक्यात विमान. एकदा कामानं हैदराबादेला गेला, तिथं मैदानात उभं असलेलं विमान कुंपणाबाहेरून बघितलं आणि तसाच परत आला. ज्या कामाला गेला होता ते राहिलंच. तेव्हापासून घरात विमानं बांधायला लागला. आत बसायची नव्हेत, लहानच, पण खरोखर उडायला पाहिजेत अशी. बांबूच्या कामट्या दिव्यावर शेकून वाकवायच्या, पांगाऱ्याचं हलकं लाकूड तासून पुढचा पंखा करायचा, पोटात सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या पिळून भरायच्या. पीळ सुटला की पंखा फिरतो. वरून मढवायला मलमल. ती तो स्वतःच्या धोतरातून कापायचा, म्हणून त्याचं एकही धोतर गुडघ्याखाली पोचलं नाही. भाकरी पातळ झाली की बहिणीला म्हणायचा, "ही विमानाला चालली असती." जिथं असेल तिथं बोट ओलं करून वर धरायचा, वारा कुठला ते बघायला. एकदा कचेरीत साहेबापुढंच धरलं. साहेब म्हणाले, "ये क्या हो रहा है?" हा म्हणाला, "हवा देख रहा हूँ, हुजूर." साहेबांनी पंखा ओढणाऱ्याला जोरात ओढायला सांगितलं. एवढं सगळं करून त्याचं एकही विमान उडत नव्हतं. गोदावरीच्या वाळूत न्यायचा, सोडायचा आणि तुकडे धोतराच्या उरलेल्या सोग्यात बांधून घरी आणायचा.

मी लातूरचा. आडतीवर तुरीची पोती उचलायचो. आईबाप लहानपणीच गेलेले, म्हणून मुलगी बघायला चुलत्यासंगं नांदेडला गेलो. मुलगी सुशीला, म्हणजे आमच्याकडचे भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे, घेऊन आली, ताटल्या ठेवल्या आणि आत गेली. तेवढ्यात मला ती पसंत पडली. पण माझ्या पसंतीला विचारतो कोण? तिचे वडील, आबा, म्हणाले, "शिक्षण?"

"चौथी."

"पास?"

"बसलो व्हतो."

आबांनी पानाचं तबक पुढं केलं होतं, ते परत स्वतःकडं ओढून घेतलं. मी समजलो. चुलता मात्र सुशीला खात राहिला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "पाव्हणं, हात मोकळे हायत का?" गेलो. खाटेएवढा लांब पंख दोन पाटांवर ठेवलेला, वर खळीत भिजवलेली मलमल. ती दोन्ही टोकांना ताणून धरायची, वाळेपर्यंत. सुटली तर सुरकुती पडते आणि विमान वाकडं जातं, असं मेव्हण्याचं म्हणणं. एका टोकाला बहीण उभी होतीच. दुसरं टोक त्यानं माझ्या हातात दिलं आणि बोट ओलं करून अंगणात निघून गेला. आभाळ भरलेलं, खळ काही वाळेना. बघायला आलेला मुलगा आणि मुलगी समोरासमोर उभे, मध्ये ओलं कापड, असं आमच्याकडं त्या काळी कुणी ऐकलंही नव्हतं. माझ्या नाकावर माशी बसली. हात सोडता येईना. ती वाकली आणि फुंकर मारली. म्हणाली, "हलू नका, सुरकुती पडंल." मला बोललेलं तिचं पहिलं वाक्य हेच.

दारात आबा आले. "अरे, बघायला आलेल्या माणसाला कामाला जुंपलं व्हय?"

मेव्हणा मागून आला. "आबा, पोरगी ह्यांनाच द्या."

"काय बघून?"

"मघापास्नं उभे हायत, हलले न्हाईत. मागचा मॅट्रिकवाला शेपटीवर बसला व्हता."

आबा तापले. "तुझं हे लाकूड ज्या दिवशी उडंल ना, त्या दिवशी देतो."

म्हणजे कधीच नाही. चुलता वाटेत म्हणाला, "चल, दुसरी बघू." मला दुसरी बघायची नव्हती. लातुरात पोती उचलताना आभाळात घार दिसली तरी माझ्या छातीत धडधडायचं. मेव्हण्यानं मात्र बापाचा राग सोडून दिला आणि शब्द तेवढा धरून ठेवला.

पुढं वारा बरा मिळाला तसा तो आबांना आणि बहिणीला घेऊन वाळूत गेला. आबांना मोतीबिंदू, चार हातांपलीकडं सगळा धूर. यानं विमान सोडलं. थोड्या वेळानं लांब कुठं तरी खट् वाजलं. मेव्हणा काही बोलायच्या आत आबा म्हणाले, "तू गप. तू सांग गं, तू खोटं बोलत न्हाईस. उडलं का?"

ती म्हणाली, "उडलं, आबा."

"किती?"

"लई."

आबा शब्दाचे पक्के. मेव्हणा मोडका पंख काखेत मारून लातूरला आला, मला आडतीवरच गाठलं. "पाव्हणं, तयारीला लागा." बाकी काही सांगितलं नाही.

संसार झाला. भांडणं झाली, पोरं झाली, नातवंडं झाली. मी तिला कितीदा विचारलं, "खरंच उडलं व्हतं का गं?" ती सुपातली डाळ पाखडत म्हणायची, "लग्न झालं न्हवं तुमचं? मग."

यंदा ती गेली. मेव्हणा काठी टेकत एसटीनं आला. सगळे पांगल्यावरही राहिला. एका दुपारी मी म्हणालो, "तुमच्यामुळं मला ती मिळाली."

तो म्हणाला, "मला विमान उडवायचं व्हतं, पाव्हणं. तुमचं लग्न मधी आलं."

लई दिवसांनी हसलो. मग विचारलं, "खरं सांगा, उडलं व्हतं का?"

तो म्हणाला, "मला काय ठावं? सोडताना मी डोळे मिटून घ्यायचो. पडताना बघवत न्हवतं."

म्हणजे बघितलं ते एकट्या तिनं. विचारायला आता घरात कुणी नाही.