चिनी बायकांचे मराठी आवाज

आम्ही डबिंगवाल्या चहाला भेटलो की किस्से संपता संपत नाहीत. पोट धरून हसतो आणि घरी जाताना लक्षात येतं, अरे, प्रत्येक किश्श्यात कोणीतरी जाम घाबरलेलं होतं!

नव्वदच्या दशकात वर्तकनगरात एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर छोटा स्टुडिओ होता. तिथे आम्ही तिघी एका चिनी सिरियलला मराठी आवाज द्यायचो. त्याच काळातल्या, शहरात राहणाऱ्या तीन चिनी बायकांची गोष्ट. त्यांची नावं काही आमच्या तोंडात बसेनात, म्हणून आम्हीच बारसं केलं: गिरणीवाली, सोशीक आणि मास्तरीण. गिरणीवालीचा आवाज मी, राहायला कोपरीत. सोशीक म्हणजे नंदा, कोपरची. मास्तरीण म्हणजे सुषमाताई, आमच्यात वडीलधाऱ्या. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट पेडणेकर.

* * *

नंदाच्या चिनी बाईला नवरा मारायचा. नंदा घरी प्रॅक्टिस करत बसलेली. "नको! मारू नका! मी मरेन!" तिचा खरा नवरा तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन दारात पोचला, तर शेजारच्या आगरी मावशींनी त्याची कॉलरच धरली.

"परत हात लावशील तर मुंडी मुरगालीन!"

बिचारा भाजीची पिशवी पुढे करत म्हणाला, "मावशी, मी आत्ताच आलोय हो!"

"मग आत कोन मारतंय?"

यावर तो आणखीनच घाबरला!

* * *

आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीला चारी बाजूंनी फोम. दाराची कडी बाहेरून. एकदा मी आणि नंदा आत असताना लाइट गेली. मिट्ट काळोख, पंखा बंद. स्वतःचा श्वास ऐकू येत होता. आम्ही दार बडवलं, घसा फोडून ओरडलो. बाहेर चिटपाखरू नाही. नंदा माझ्या दंडाला नखं रुतवून म्हणत होती, "अगं, हवा संपली तर?" मी मनातल्या मनात मुलाला शाळेतून कोण आणेल याचा हिशोब लावत होते.

शेवटी दार उघडलं. दारात पेडणेकर, हातात चहाचा ग्लास.

"किती ओरडलो आम्ही!" नंदा रडत म्हणाली.

तो खूश होऊन म्हणाला, "म्हणजे साउंडप्रूफिंग एकदम फर्स्ट क्लास झालंय!"

* * *

सिरियल टीव्हीवर लागली त्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. बाहेरून माझा आवाज आला: "बस्स! या घरात मी परत पाऊल टाकणार नाही!"

पिठाचे हात घेऊन त्या धावत आल्या. मी टीव्हीसमोर वाटाणे सोलत बसलेले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक.

"काय झालं गं? मी काही बोलले का?"

मी समजावलं. त्यांनी मान हलवली, पण त्या दिवशी वाटाणे त्यांनीच सोलले!

* * *

सुषमाताईंचा मात्र सगळ्यांना धाक. एका टेकमध्ये काम ओके. होळी तोंडावर आलेली तेव्हाची गोष्ट. सीन असा, की मास्तरणीला छातीत गाठ हाताला लागते. घरी कुणाला न सांगता ती डॉक्टरीणबाईंकडे जाते. डॉक्टरीणबाईंचा आवाज माझाच.

मी विचारलं, "गाठ कधीपासून आहे?"

कागदावर उत्तर होतं, "आठवडाभर झाला." सुषमाताई पडद्याकडे बघत म्हणाल्या,

"दिवाळीपासून."

पेडणेकरने टेप थांबवली. "ताई, चीनमध्ये दिवाळी कुठून आली?" तो काचेपलीकडे खो खो हसत होता.

सुषमाताई हसल्या नाहीत. त्यांचा हात पदराखाली होता. मी हेडफोन काढला.

"घरी माहितीये?" मी हळूच विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग माईककडे वळून म्हणाल्या, "घ्या हो परत." आणि दुसऱ्या टेकला बरोब्बर म्हणाल्या, "आठवडाभर झाला."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. ताईंना तपासलं. मग बाहेर बाकावर बसवून ठेवलं. ताई म्हणाल्या,

"आपल्या मास्तरणीचं पुढे काय होतं गं? पुढच्या भागांची टेप आली का?"

टेप सकाळीच आलेली. मी बघितली होती.

"नाही," मी म्हटलं, "अजून नाही आली."